खुलासा: ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला, जास्त मतं पडली की निवडणूक रद्द?

ठाणे, कळवा, ऐरोलीतल्या तरुणांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘सगळे पुढारी सारखेच. नोटा पहिला आला की निवडणूक रद्द, उमेदवार कायमचे बाद.’ मत घेऊन पक्ष बदलणाऱ्यांवरचा हा राग मला पूर्ण पटतो, पण माहिती चुकीची आहे. लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवारांत ज्याला जास्त मतं तोच निवडून येतो. २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर यंत्रावर आलेलं ते शेवटचं बटण फक्त नापसंती नोंदवतं. महापालिकेचं मात्र वेगळं. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८च्या आदेशानुसार तिथे नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक होते. तेव्हाही त्याच उमेदवारांना पुन्हा उभं राहता येतं.