भैरोसिंह राठोड लोंगेवालात शहीद झाले नव्हते

माझा भाचा सातवीत आहे. विजय दिनाच्या निमित्ताने त्याला शाळेत पाच मिनिटं बोलायचं आहे. विषय त्याने स्वतःच निवडला, 1971 च्या भारत-पाकिस्तान युद्धातली, राजस्थानच्या वाळवंटातली लोंगेवालाची लढाई. ताईने मदत म्हणून घरच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज त्याला दिला आणि पोराने तो अक्षर न अक्षर वहीत उतरवला. परवा फोनवर त्याने मला सगळं भाषण म्हणून दाखवलं. हातवारेसुद्धा करत असणार, आवाजावरून कळत होतं. "मामा, कसं झालं?" त्याला काय सांगावं ते मला सुचेना. त्याच्या भाषणात एक माणूस 1971 साली मरत होता, आणि तो खरा माणूस त्यानंतर एक्कावन्न वर्षं जगला होता.

हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. दर डिसेंबरात फिरतो. वर तिरंगा, मध्ये याच लढाईवरच्या 'बॉर्डर' सिनेमातलं दृश्य, आणि खाली दावे. 'बॉर्डर'मध्ये दाखवलंय ते सगळं जसंच्या तसं घडलं. 120 जवानांपैकी मूठभरच वाचले. भैरोसिंह छातीशी सुरुंग धरून रणगाड्यावर धावून गेले आणि शहीद झाले. मेजर कुलदीपसिंग यांना परमवीर चक्र मिळालं. साठ रणगाडे एकट्या पायदळाने फोडले, विमानं आली तेव्हा सगळं संपलं होतं. तनोट मातेच्या देवळावर तीन हजार बॉम्ब पडले, एकही फुटला नाही. या एका लढाईने पाकिस्तानने गुडघे टेकले. आणि शेवटी नेहमीचं: हा इतिहास तुमच्यापासून लपवला गेला, पुढे पाठवा.

आधी भैरोसिंहांचं सांगतो, कारण माझा सगळा संताप तिथेच आहे.

भैरोसिंह राठोड सीमा सुरक्षा दलात होते, चौदाव्या बटालियनमध्ये. जोधपूर जिल्ह्यातल्या शेरगढ भागातलं सोलंकियातला हे त्यांचं गाव. लोंगेवालाच्या चौकीवर लष्कराच्या 23 पंजाब या पलटणीच्या कंपनीसोबत सीमा सुरक्षा दलाची छोटी तुकडी होती, त्यात ते होते. त्या रात्री त्यांनी लाइट मशीनगन हाती घेतली आणि स्वतःच सांगितल्याप्रमाणे सात-एक तास ती चालवत राहिले. 1972 साली त्यांना सेना पदक मिळालं. 1987 साली ते नाईक म्हणून निवृत्त झाले आणि गावी गेले. तिथे ते शेतकऱ्यासारखे, आजोबांसारखे जगले. 19 डिसेंबर 2022 रोजी जोधपूरच्या एम्समध्ये वयाच्या 81व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

म्हणजे 1997 च्या जूनमध्ये सिनेमा लागला आणि भैरोसिंहांच्या भूमिकेतला सुनील शेट्टी पडद्यावर मेला, तेव्हा हा माणूस आपल्या गावात जिवंत होता. पुढची पंचवीस वर्षंही जिवंत होता. आणि त्या पंचवीस वर्षांत लाखो लोकांनी त्याला 'शहीद' म्हणून श्रद्धांजली वाहिली. कुणी मुद्दाम वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण एखाद्या म्हाताऱ्या सैनिकाला त्याच्या हयातीत दर वर्षी मारायचं आणि त्याला देशभक्ती म्हणायचं, हे मला सहन होत नाही. ज्यांनी हा मेसेज 2021 साली पुढे पाठवला, त्यांना गाडी काढून त्यांच्या गावी जाता आलं असतं, त्यांच्या ओसरीवर बसून त्या रात्रीबद्दल विचारता आलं असतं. बातम्या छापून येत होत्या, मुलाखती येत होत्या. शोधायला दोन मिनिटं लागली असती.

ही एकट्या भैरोसिंहांची गोष्ट नाही. सिनेमात अक्षय खन्नाने केलेला लेफ्टनंट धरमवीरही मरतो. खरे लेफ्टनंट धरमवीर त्या रात्री सीमेवर गस्तीला गेले होते. समोरून रणगाड्यांची घरघर येते आहे ही पहिली खबर त्यांच्या गस्तीने दिली. सगळी लढाई त्या खबरीवर उभी राहिली. तेही त्या रात्रीतून जिवंत बाहेर आले.

आता 'मूठभरच वाचले' हा दावा. कंपनी साधारण 120 जणांची होती, हे बरोबर. समोर दोन हजारांहून जास्त सैनिक आणि चाळीसहून अधिक रणगाडे होते, हेही बरोबर. आणि आपले किती गेले? दोन.

दोन हा आकडा ऐकला की लोकांचा चेहरा पडतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. भाच्याचाही आवाज उतरला. "फक्त दोन?" जणू लढाई लहान झाली. आमचे अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते शेजारीच बसून ऐकत होते. फोन माझ्या हातातून घेऊन ते नातवाला म्हणाले, "आरं, माणसं मारून घेणं सोपं असतं. जो माणसं परत आणतो, त्यो खरा कंपनी कमांडर."

लोंगेवालाचं मोठेपण नेमकं हेच आहे, आणि सिनेमाला तेच दाखवता आलं नाही. 4 डिसेंबरच्या रात्री कंपनी कमांडर मेजर कुलदीपसिंग चांदपुरींनी वायरलेसवर मदत मागितली. मदत सकाळपर्यंत येणार नव्हती. मोर्चा धरायचा की मागे सरकायचं, हे त्यांच्यावर सोपवलं गेलं. मागे सरकायचं तर वाळवंटात पायी, मागून रणगाडे. मोर्चा उंचवट्यावर होता, खंदक तयार होते. त्यांनी थांबायचं ठरवलं. मग घाईने रणगाडाविरोधी सुरुंग पेरले आणि रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत गोळीबार रोखून धरला. जीपवर बसवलेल्या 106 मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने पहिले रणगाडे पेटले, तेव्हा रणगाड्यांवर बांधलेल्या इंधनाच्या पिंपांनी भडका घेतला आणि त्या उजेडात पुढचं सगळं दिसायला लागलं. शत्रूच्या पायदळाला काटेरी तारेचं कुंपण लागलं. पुढे मोठं सुरुंगक्षेत्र असणार या समजुतीने ते थबकले आणि त्यात त्यांचे मोलाचे तास गेले.

यात आरोळी कुठे आहे? उघड्यावर छाती काढून धावणं कुठे आहे? खंदकात दबून राहायचं, गोळी मोजून झाडायची, उजाडायची वाट बघायची. एकेक तास काढायचा. असं शांत डोक्याने लढल्यामुळेच ती माणसं वाचली. पडद्यावर एकामागून एक मरणारी पात्रं बघून आपण रडतो, मीही रडलो आहे. पण मग त्या मरणांनाच इतिहास म्हणायला लागलो, की चांदपुरींनी खरोखर केलेलं काम आपण त्यांच्याकडून काढून घेतो.

परमवीर चक्राचं चटकन संपवतो. चांदपुरींना महावीर चक्र मिळालं. ते पुढे ब्रिगेडियर झाले आणि 17 नोव्हेंबर 2018 रोजी वारले. 1971 च्या युद्धातली चार परमवीर चक्रं लान्स नायक अल्बर्ट एक्का, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आणि मेजर होशियारसिंग यांना मिळाली. लोंगेवालाला एकही नाही. महावीर चक्र कमी पडतं म्हणून ते वाढवून सांगायचं, यात त्या पदकाचाच अपमान आहे.

वायुदलाबद्दलचा दावा मात्र साधा चुकीचा नाही, अन्यायाचा आहे. जैसलमेरच्या तळावर हंटर विमानं होती. त्यांना रात्री हल्ला करता येत नव्हता, आणि एवढ्यापुरता सिनेमा खरा आहे हे मी मान्य करतो. सकाळची वाट बघणारे वैमानिक, तळावरची घालमेल हे सगळं खरं. दिग्दर्शक जे. पी. दत्तांचा भाऊ वायुदलात वैमानिक होता, त्याच्याकडून ऐकलेल्या गोष्टींतून हा सिनेमा आला. पण मेसेज लिहिणाऱ्याने सिनेमातलं जे खरं होतं तेच नेमकं फेकून दिलं. 5 डिसेंबरला उजाडताच हंटर आली. मेजर आत्मासिंग छोट्या कृषक विमानातून वर घिरट्या घालत त्यांना लक्ष्य दाखवत होते. उघड्या वाळूवर, वर कुठलंही संरक्षण नसलेले रणगाडे. विमानांतून घेतलेले फोटो प्रसिद्ध आहेत: वाळूत रणगाड्यांच्या चाकोऱ्यांची वेटोळी, जीव वाचवायला गोल गोल पळाल्यासारखी. उद्ध्वस्त झालेल्या रणगाड्यांपैकी बहुतेक विमानांनी टिपले. पायदळाने रात्र धरली नसती तर सकाळी विमानांना काही उरलं नसतं, आणि विमानं आली नसती तर पायदळाला दुपार दिसली नसती. पुढे निवृत्त अधिकाऱ्यांमध्ये श्रेयावरून जाहीर वाद झाला. काहींनी तर पायदळ लढलंच नाही इथवर मजल मारली. तेही तितकंच चूक. पण त्या वादात हा मेसेज जी बाजू घेतो, त्याला काही आधार नाही.

आणि 'लपवलेला इतिहास'? या लढाईबद्दलचा सगळ्यात बोलका कागद पाकिस्तानचा आहे. युद्धानंतर त्यांच्याच सरकारने सरन्यायाधीश हमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल 2000 साली बाहेर आला, आज कुणालाही वाचता येतो. त्यात 18 व्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल बी. एम. मुस्तफा यांच्यावर खटला चालवावा अशी शिफारस आहे. कारण दिलंय ते असं की राजस्थानातलं रामगढ घेण्याची त्यांची योजना लष्करीदृष्ट्या चुकीची आणि अव्यवस्थित होती, आणि तिच्यापायी वाळवंटात वाहनांचं आणि सामग्रीचं जबर नुकसान झालं.

शत्रूचा स्वतःचा आयोग हे लिहून ठेवतो. यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कोणतं हवं? आणि त्यातून हेही कळतं की ते का हरले. मऊ वाळू, विमानांचं संरक्षण नाही, पुढच्या जमिनीची नीट टेहळणी नाही. आपल्या जवानांच्या शौर्यात याने तसूभरही कमी होत नाही. उलट समोरच्याच्या चुकीचा फायदा उठवायलाही जागेवर टिकून राहावं लागतं.

तनोटबद्दल मी जपून लिहितो, कारण ते श्रद्धेचं ठिकाण आहे आणि सीमा सुरक्षा दलाचे जवान तिथे रोज पूजा करतात. न फुटलेले गोळे देवळात ठेवलेले आहेत, हे खरं. पण ती गोष्ट मुळात 1965 ची. ती 1971 च्या लोंगेवालात आणून चिकटवायचं कारण नाही. देवीला नमस्कार करावा, साल बदलू नये.

राहिलं ते 'एका लढाईने गुडघे टेकले'. पाकिस्तानने शरणागती पत्करली ढाक्यात, 16 डिसेंबरला, पूर्वेकडे. तिथे 93 हजार युद्धकैदी हाती आले. ज्या रात्री चांदपुरी खंदकात होते, त्याच रात्री नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला, म्हणून 4 डिसेंबर हा नौदल दिन. आणि साताऱ्या-कोल्हापूरकडच्या माणसाने निदान पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरचं नाव तरी ऐकलेलं असावं. डिसेंबरच्या दहा-अकरा तारखेच्या रात्री पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीने, म्हणजे जंगी पलटणीने, जमालपूरची वाट अडवून धरली होती. त्याआधी आपल्या ब्रिगेडियरने शरण येण्याची चिठ्ठी पाठवली, तर तिथल्या पाकिस्तानी कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. त्या रात्री अंधारात वेढा फोडून निघालेल्यांना मराठ्यांनी जाऊ दिलं नाही. यावर कुणी तसा सिनेमा काढला नाही, गाणी नाहीत, म्हणून मेसेजही नाही. अण्णांना हे सांगताना आजही उठून बसावं लागतं.

'संदेसे आते हैं' लागलं की आमच्या घरात आई पदर डोळ्याला लावते, आणि ते मला कधीच खोटं वाटलं नाही. सिनेमा पुन्हा लागला तर मी पुन्हा बघेन. माझं भांडण त्याचा इतिहास करून मुलांच्या वहीत उतरवण्याशी आहे.

ताई, तुझ्यासाठी: तो मेसेज ग्रुपवरून काढून टाक, आणि ज्या काकूंकडून आला त्यांनाही हा लेख पाठव. भाषणाचा नवा मजकूर मी आणि अण्णा मिळून त्याला सांगतो आहोत. रणगाड्यावर धाव घेण्याचा भाग काढला म्हणून तो जरा हिरमुसलाय, पण इंधनाची पिंपं पेटतात तो भाग त्याला आवडला आहे. भैरोसिंहांवरचं वाक्य त्याने स्वतः लिहिलं: "ते 2022 मध्ये वारले, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो."