हमी त्याच्याकडून घ्या

आमच्या गुहागरकडच्या घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या ‘यू’ या मालिकेवरून खडाजंगी चालू आहे. भाचीने तिचे पाचही सीझन मोबाइलवर पाहिल्याचं थोरल्या दादाला कळलं आणि ठिणगी पडली. असल्या मालिकांनीच पोरं बिघडतात, सरकारने बंद करायला हव्यात, असं दादाचं म्हणणं. त्यावर भाचीने लिहिलं, “काका, आमच्या थांब्यावर रोज बाइक लावून उभा असतो त्याने ही मालिका बघितलीसुद्धा नसेल.” पुढचे सगळे मेसेज पुन्हा मालिकेवरच. थांब्यावर कोण उभा असतो, कधीपासून, हे कोणीच विचारलं नाही. इंग्लंडमध्ये बसून ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जो गोल्डबर्ग हा न्यूयॉर्कमधल्या पुस्तकांच्या दुकानाचा मॅनेजर. दुकानात आलेली एक मुलगी त्याच्या मनात भरते. मग तिचं सोशल मीडिया खणून काढणं, रस्त्यापलीकडून तिच्या खिडकीत बघत राहणं, तिचा फोन लांबवणं आणि पुढे खून. सगळं आपल्याला त्याच्याच मनातल्या आवाजात ऐकू येतं, त्यामुळे पाळतही काळजी वाटायला लागते. 2018 साली मालिका आली तेव्हा प्रेक्षक जो या पात्रावर इतके भाळले की 2019 च्या जानेवारीत, जोची भूमिका करणाऱ्या पेन बॅजलीला ट्विटरवर एका प्रेक्षकाला “तो खुनी आहे” असं उत्तर द्यावं लागलं. 2025 साली मालिका संपली तेव्हा जो तुरुंगात असतो, तिथेही त्याला चाहत्यांची पत्रं येतात, आणि तो दोष आपल्यावर, म्हणजे बघणाऱ्यांवर, ढकलतो. मला हा शेवट पटला.

मालिका बंद केल्याने काय होणार आहे? 1990 साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात घुसून मुलीला जाळलं, तेव्हा कोणाच्या हातात मोबाइल होता? 2020 साली हिंगणघाटला प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवलं, तो माणूसही तिच्या ओळखीचाच होता.

मालिकेचा आणि आपल्या कोकणाचा सांधा जुळत नाही तो इथे. न्यूयॉर्कमध्ये जोला कोणी ओळखत नाही. आपल्याकडे सड्यावरून रस्ता उतरतो त्या वळणावर, जांभ्याच्या गडग्याला बाइक टेकवून सकाळच्या एसटीची वाट बघणारा मुलगा कोणाचा कोण, गाडी कोणाच्या नावावर, आई कुठल्या गावची, हे टपरीवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. इतके साक्षीदार लंडनमध्ये जन्मात मिळायचे नाहीत. आणि तरी आपण करतो काय? आधी भाऊ मुलीला पुढच्या थांब्यावर सोडायला लागतो. मग तिचं कॉलेज सुटतं, मग तिला मुंबईला मावशीकडे पाठवतात, मग घाईने स्थळं बघतात. बाइक आहे तिथेच राहते.

इथे इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं मी मुळीच म्हणत नाही. 2016 साली ब्रायटनजवळ एका एकोणीस वर्षांच्या मुलीने पूर्वीच्या मित्राविरुद्ध तक्रारी केल्या, तर पोलिसांनी वेळ वाया घालवल्याबद्दल तिलाच 90 पौंड दंड केला. त्याच वर्षी त्याने तिचा खून केला. अशा मुलींची किंमत मोजून इथली यंत्रणा थोडीफार शिकली. 2020 पासून इंग्लंड-वेल्समध्ये गुन्हा सिद्ध होण्याची वाट न बघता पोलीस कोर्टाकडून मनाई हुकूम आणू शकतात: तिच्या घराजवळ जायचं नाही, संपर्क करायचा नाही. मोडला तर तोच गुन्हा, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. त्रास झालेल्या व्यक्तीला पहिला सल्ला मिळतो तो वही घालण्याचा. तारीख, वेळ, जागा, तो काय बोलला, कोणी पाहिलं. एक दिवस बघितला तर त्यात काहीच नसतं, वही वाचली की सगळं दिसतं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. 2013 पासून पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. मोबाइल-इंटरनेटवरची पाळतही त्यात येते. पण पहिल्या वेळी गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे संध्याकाळी जामीन आणि सकाळी पुन्हा थांबा, या भीतीनेच आईबाप पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत. ही भीती मी खोटी म्हणणार नाही.

मला राहून राहून चॅप्टर केस, म्हणजे भांडण होण्याआधीच होणारी कारवाई, आठवते. शिमग्यात पालखीच्या मानावरून दोन वाड्यांत जुंपेल अशी नुसती शंका आली तरी लोकांना नोटिसा जातात, तहसीलदारांपुढे उभं करून शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेतात. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 107, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 126. हे बंधपत्र एक वर्षापर्यंतचं असू शकतं, मोडलं तर रक्कम जप्त. गुन्हा घडण्याआधी हमी घ्यायची ही वाट तालुक्याला पाठ आहे. पालखीसाठी वापरतात ती मुलीसाठी का नाही? रोज थांब्यावर अडवणाऱ्या माणसामुळे उद्या दोन घरांत मारामारी होऊ शकते, हे कुठल्या ठाणेदाराला पटवून द्यावं लागेल?

पण त्यासाठी अर्ज लागतो, आणि अर्जावर फक्त मुलीच्या बापाची सही पुरत नाही. टपरीवाल्याची हवी, कंडक्टरची हवी, पोलीस पाटलांची हवी. त्यांनी रोज पाहिलेलं तारीखवार लिहून द्यायला हवं. अर्ज ठाण्यात द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यावी, आणि एक प्रत तहसीलदारांकडे द्यावी. भाचीने परवापासून वही घातली आहे. सही कोण करतंय, हे मी आता ग्रुपवर एकेकाचं नाव घेऊन विचारणार आहे.