८२३ वर्षांची पैशांची पिशवी

“या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार! असा योग ८२३ वर्षांतून एकदाच. फेंगशुईत याला पैशांची पिशवी म्हणतात. पुढे पाठवाल तर चार दिवसांत पैसे, नाही पाठवलंत तर ठणठण गोपाळ.” आमच्या घरच्या ग्रुपवर हा निरोप आत्या टाकते. जवळपास दरवर्षी. ८२३ वर्षांनी येणारा योग एकाच आत्याच्या हयातीत इतक्यांदा कसा येतो, हे तिला तोंडावर विचारायची छाती नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी ते पाच-पाच-पाच. ३१ दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर तीन दिवस. महिन्याच्या पहिल्या तीन तारखांना जे वार असतील ते पाचदा येणारच, त्याला ग्रहताऱ्यांची गरज नाही. महिना शुक्रवारी सुरू झाला की शुक्र-शनि-रवि पाच-पाच. वर्षात ३१ चे महिने सात, आणि त्यांतला एखादा बहुतेक वर्षी शुक्रवारी सुरू होतोच. डिसेंबर २०२३, मार्च २०२४, ऑगस्ट २०२५, मे २०२६: चार वर्षांत चार पिशव्या! उलट असा एकही महिना नसलेलं वर्ष शोधावं लागतं. २०१२ आणि २०१८ तशी होती. त्यांचं कौतुक कुणी केलं नाही.

“तसं नाही, खास ऑगस्टातच हा योग दुर्मीळ,” असं कुणी म्हणेल. ऑगस्टचीच यादी घ्या: २००३, २००८, २०१४, २०२५. अंतर पाच, सहा, अकरा वर्षांचं.

आता ८२३ हा आकडा. तो कुणी कुठून काढला देव जाणे, पण या कॅलेंडरात तो बसूच शकत नाही. ग्रेगरियन पद्धतीत ४०० वर्षांचे दिवस होतात १,४६,०९७. सातने भागा: बरोबर २०,८७१ आठवडे, बाकी शून्य. म्हणजे दर ४०० वर्षांनी तारीख आणि वार यांची जोडी जशीच्या तशी परत येते. महिन्यातल्या वारांची कुठलीही गंमत घ्या, ती फार तर ४०० वर्षं लांबेल, ८२३ नाही. शिवाय २०२५ मधून ८२३ वजा केले की १२०२ उरतं. तेव्हा देवगिरीवर यादव होते आणि आपल्याकडे शके ११२४ चालू होतं. ग्रेगरियन कॅलेंडर आलं १५८२ च्या ऑक्टोबरात, तेही ४ तारखेच्या गुरुवारनंतर थेट १५ तारखेचा शुक्रवार घेऊन.

फेंगशुईवर फार शाई खर्च करत नाही. पारंपरिक चिनी महिना चंद्राचा, २९ नाहीतर ३० दिवसांचा, आणि जुनी मोजणी दहा-दहा दिवसांची. ३१ दिवस नाहीत, शुक्रवार नाही, मग पिशवी कुठे अडकवणार?

या निरोपाचं एक धाकटं भावंडही फिरतं: “या फेब्रुवारीत प्रत्येक वार चारदा, ८२३ वर्षांनी!” अठ्ठावीस भागिले सात. लीप वर्ष सोडलं तर दर फेब्रुवारीत हेच होतं. हे वाचून मी चहा सांडला होता.

आणि दुर्मीळच हवं असेल तर ते आपल्या पंचांगात आहे. अधिक महिना साधारण पावणेतीन वर्षांनी येतो, जावयांना अनारसे मिळतात, ते सगळ्यांना ठाऊक. पण कधी कधी एकाच चांद्रमासात सूर्य दोनदा रास बदलतो आणि एक महिना चक्क गळतो. तो क्षयमास. १९६३-६४ मध्ये मार्गशीर्ष गळला, १९८२-८३ मध्ये माघ. पुढचा क्षयमास २१२३-२४ मध्ये. आधी १९ वर्षांचं अंतर, मग १४१ वर्षांचं.

माघ गळला त्या वर्षी आत्या कॉलेजात होती. विचारलं तर म्हणते, असं काही झाल्याचं आठवत नाही.