पाइपाच्या आधी मीटर

लातूरजवळच्या आमच्या गावाहून परवा दादाचा फोन आला. चौथं बोअर सहाशे फुटांवर नेलं आणि वर आला नुसता धुरळा. "आता तुमच्या इस्रायलचं ग्रिड आलं तरच पाणी," म्हणाला.

मराठवाड्यातली 11 धरणं पाइपांनी जोडायची ही वॉटर ग्रिडची कल्पना. 2018 साली राज्य सरकारनं तिच्या आराखड्यासाठी इस्रायलच्या मेकोरोत या सरकारी कंपनीशी करार केला. तेव्हापासून गावाकडे इस्रायल म्हटलं की पाइपच डोळ्यांपुढे येतो.

मी इस्रायलच्या दक्षिणेतल्या बेअर शेव्हा शहरात राहतो. इथं वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस, मराठवाड्यात त्याच्या तिपटीहून जास्त. इथली राष्ट्रीय जलवाहिनी 1964 ला सुरू झाली. पण त्याआधी 1959 मध्येच कायदा झाला होता की देशातलं सगळं पाणी सार्वजनिक, शेताखालचंसुद्धा. उपसायला परवाना लागतो, शेतकऱ्याला कोटा ठरलेला. माझ्या बिलावर घरात माणसं किती ते छापलेलं असतं. माणशी महिन्याला साडेतीन घनमीटर कमी दरानं, त्यावरचं महाग. गावाबाहेरच्या शेतांत जांभळे पाइप दिसतात, त्यांतून शुद्ध केलेलं सांडपाणी जातं. देशातलं जवळजवळ नव्वद टक्के सांडपाणी असं पुन्हा वापरात येतं.

इथलं सगळंच घेण्यासारखं नाही. इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे मला सलतं. आणि इथल्यासारखी समुद्राचं पाणी गोडं करायची सोय लातूरला कुठून आणणार?

कायदे मात्र आपल्याकडेही आहेत. 2005 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर, म्हणजे दोनशे फुटांपलीकडच्या विहिरींवर बंधन आहे. दादानं सहाशे फूट खोल बोअर घेतलं, चार वेळा घेतलं, कुणी विचारलं नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्यानंतरही शिवारात ऊस आहेच. मोजमाप न करता ग्रिड झालं, तर त्या पाइपातलं पाणीही वरच्या वर उसाला जाईल, शेवटच्या गावाला हवाच येईल.

दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझ्या बोअरला मीटर लावायचं म्हणतोस?"

"हो. पण सुरुवात कालव्याच्या तोंडाशी ज्यांचा ऊस आहे त्यांच्यापासून."

"तसं झालं तर मी आडवा येणार नाही."