२ एचपीची सायकल नसते भाऊ

गेल्या पंधरा दिवसांपासून एक मेसेज आमच्या राळेगाव तालुक्यातल्या झाडून साऱ्या ग्रुपवर फिरून राहिला. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तोच, सोयाबीनच्या भावाच्या ग्रुपवरही तोच. मेसेज थोडक्यात असा आहे:

"ई-बाईक म्हणजे सायकलच. पेट्रोल नाही म्हणून मोटार वाहन कायदा लागत नाही. लायसन्स, नंबर, इन्शुरन्स काहीच नको. मोटरवर २५० वॅट छापलेलं असलं की पोलीस हात लावू शकत नाही, मग लॉक काढून ५० नं पळवा, नाहीतर जुन्या सायकललाच १५०० वॅटचं किट बसवा. खेड्यातल्या रस्त्यावर ट्रॅफिक नसते. आठवी-नववीच्या पोरांनाही चालते. विरोध करणारे सगळे पेट्रोलवाल्यांचे माणसं."

मी मोटरी भरायचं काम करतो, विहिरीवरच्या, बोअरच्या. आता तीन वर्षं झाले ई-बाईकचे कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती करंट जाईल ते ठरवणारा डबा) अन् बॅटऱ्याही दुकानात येतात. म्हणून हे लिहितो, कारण हा मेसेज वाचून लोक माझ्याकडेच येऊन राहिले, "भाऊ लॉक काढून द्या" म्हणत (लॉक म्हणजे कंपनीनं घातलेली २५ च्या स्पीडची मर्यादा), अन् प्रत्येकाला अर्धा तास समजावण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

आधी एक सांगतो, मी ई-बाईकच्या विरोधात बिलकुल नाही. सकाळी एसटी चुकली तं पोट्ट्याचा पूर्ण दिवस जाते, पेट्रोल शंभराच्या वर, अन् वावर गावापासून तीन किलोमीटर. २५० वॅटची साधी गाडी आमच्यासारख्या गावासाठीच बनली असं मला मनापासून वाटते. म्हणूनच या मेसेजचा राग येते.

"पेट्रोल नाही म्हणून कायदा लागत नाही"

कायद्यात पेट्रोल हा शब्दच महत्त्वाचा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहन म्हणजे यंत्राच्या ताकदीनं चालणारं, रस्त्यावर चालवता येणारं वाहन, मग ती ताकद कुठूनही येवो. सूट आहे ती चारपेक्षा कमी चाकं अन् २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेल्या गाडीला.

बॅटरीवाल्या गाडीची सूट वेगळी आहे, ती १९८९ च्या केंद्रीय नियमात आहे. मोटरची ताकद २५० वॅटच्या आत, अन् ही ताकद म्हणजे अर्धा तास सलग चालवून मोजलेली. स्पीड ताशी २५ किलोमीटरच्या आत. बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपर्यंत. पायडल मारून मदत घ्यायची सायकल असेल तं २५ ला मोटर आपोआप बंद झाली पाहिजे, पाय थांबले तरी बंद. शिवाय ते मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या टेस्टिंग एजन्सीकडून पास झालेलं पाहिजे. हे सगळं एकाच वेळी लागते. एकही अट मोडली की ती सायकल राहत नाही, मोटारसायकल होते, अन् मग लायसन्स, पासिंग, इन्शुरन्स, हेल्मेट सगळं आलं.

"मोटरवर २५० लिहिलं असलं की झालं"

माझं सगळ्यात जास्त म्हणणं या ओळीबद्दल आहे.

मोटरवर काय छापलं त्याला अर्थ नाही, कंट्रोलर किती अँपिअर सोडते त्याला आहे. ४८ व्होल्टच्या बॅटरीतून ३० अँपिअर ओढले तं हिशेब करा, १४४० वॅट झाले. आपल्या विहिरीच्या भाषेत सांगू का, १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे २५० वॅट हा एका एचपीचा तिसरा हिस्सा, अन् १५०० वॅट म्हणजे चक्क २ एचपीची मोटर. तुम्ही २ एचपीची मोटर कधी दोरीनं खाटेला बांधून चालू केली का? फाउंडेशन करता, नट आवळता, स्टार्टर लावता. अन् इथं तेवढीच ताकद सायकलच्या चिमट्यात, पत्र्याच्या दोन कानात, दोन नटांवर.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी असाच एक चिमटा माझ्या दुकानात आला. गाडी म्हणजे जुनी साधी सायकल, पुढच्या चाकात १००० वॅटचं किट, ऑनलाइन मागवून घरीच बसवलेलं. पोट्टा दहावीतला. मोटर जेव्हा चाकाला पुढं ढकलते तेव्हा एक्सलला तेवढ्याच जोरानं उलटं फिरवते, म्हणून एक्सल फिरू नये यासाठी टॉर्क आर्म नावाची पट्टी लावा लागते, ती नव्हती. चिमट्याचा एक कान पूर्ण उघडला होता, जसा हातानं पत्रा वाकवावा तसा, आत एक्सल गोल फिरलेला, अन् मोटरच्या वायरी एक्सलभोवती पिळून पिळून तुटलेल्या, तांबं दिसत होतं. चाक चालत्या गाडीतून निघून गेलं. पोट्ट्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. त्याच्या वडिलांनी गाडी आणली अन् पहिलं वाक्य काय तं "मोटर जळली का पाहा ना." मी तो चिमटा त्यांच्या हातात दिला. बराच वेळ पाहत बसले, मग काही बोललेच नाही.

आता लॉक काढलेल्या तयार गाडीचं पाहा. त्यात चिमटा बरा असते, पण वायर, कनेक्टर, बॅटरी हे सगळं १२-१५ अँपिअरच्या हिशेबानं दिलेलं असते. करंट दुप्पट केला तं वायरीतली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. हे तुम्हाला पंपाच्या केबलवरून माहीतच आहे, पातळ केबलवर मोठी मोटर लावली की केबल हाताला चटके देते. अन् वरून आपला विदर्भ, एप्रिल-मेमध्ये ४५ डिग्री, गाडी टिनाच्या शेडमध्ये उभी, तिथंच चार्जिंगला. काही जण तं बॅटरी मधातच बंद पडते म्हणून बीएमएसच बायपास करून राहिले. बीएमएस म्हणजे बॅटरीचा स्टार्टर समजा, ओव्हरलोड झालं की ट्रिप करणारा. तो बंद पडते तेव्हा तो तुमचं घर वाचवून राहिला असते, खराब झाला नसते.

आणखी एक, ज्याच्यावर कोणी बोलत नाही. स्पीड दुप्पट केला तं नुसता वारा कापायला आठपट ताकद लागते. म्हणून २५ ला निवांत चालणारी गाडी ५० ला न्यायला एवढी मोठी मोटर लागते, अन् म्हणूनच ती बॅटरी बाजारापर्यंत नेते पण परत आणत नाही. मग लोक म्हणतात बॅटरी डुप्लिकेट दिली.

"खेड्यात ट्रॅफिक नसते, काय होते"

ज्यानं हे लिहिलं तो आपल्या रस्त्यावर दिवेलागणीला कधी निघालाच नाही.

आपल्याइकडं ट्रॅफिक म्हणजे ढोरं. संध्याकाळी चरून परत येणारी ढोरं पूर्ण रस्ता भरून चालतात. ती हॉर्नला नाही, गाडीच्या आवाजाला बाजूला होतात. अन् ही गाडी आवाजच करत नाही. मग कापसाच्या बैलबंड्या, मागं ना लाल दिवा ना रेडियम. मग अंधारात बंद पडलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, मागं एक दगड ठेवलेला. सोयाबीन निघालं की अर्धा रस्ता ताडपत्रीनं झाकलेला. पावसाळ्यात वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकाची काळी माती डांबरावर, त्याच्यावर दोन थेंब पडले की साबण. अन् रोही, म्हणजे नीलगाय. रोही एक नसते, एक रस्ता ओलांडून गेला की मागं दुसरा असतेच, अन् दीड-दोनशे किलोचं जनावर आहे ते.

२५ च्या स्पीडला एका सेकंदात गाडी ७ मीटर जाते, ५० ला १४. रोही दिसला, डोक्यात शिरलं, ब्रेकवर बोट गेलं, एवढ्यात तो एक सेकंद संपला. त्यानंतर ब्रेक लागल्यावर थांबायला जे अंतर लागते ते स्पीड दुप्पट झाला की चौपट होते. अन् हे ब्रेक चांगले धरून. सायकलच्या रबरी गुटक्याचे ब्रेक माणसाच्या पायाच्या ताकदीसाठी बनलेले, साधा माणूस सायकल मारतो तेव्हा ७५-१०० वॅटची ताकद लावतो. त्याच्यावर १५०० वॅट सोडले, मागं बहीण बसलेली, दोघांचे दप्तरं, उतार आला. दुकानात येणाऱ्या अशा गाड्यांचे गुटके मी पाहतो ना, काचेसारखे चकचकीत झालेले असतात, धरतच नाही.

अन् "पांदण रस्त्यावर तं चालते ना" असं म्हणणाऱ्यांना, पांदणही सार्वजनिक रस्ताच आहे. स्वतःच्या वावरात, धुऱ्याच्या आत चालवा, मला काही म्हणायचं नाही.

"पोरांना चालते, इन्शुरन्स नको"

आपल्या लोकांना दंडाची भीती नाही हे मला माहीत आहे, तरी सांगून ठेवतो. बिना पासिंगची गाडी पहिल्या वेळी ५,००० पर्यंत. बिना लायसन्स ५,०००. इन्शुरन्स नाही तं २,००० किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. गाडीत असा बदल केला तं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एका बदलाला ५,०००. अन् १८ च्या आतलं पोरगं चालवताना काही गुन्हा घडला तं २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद अन् २५,००० दंड, पोराला २५ वर्षाचा होईपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी मिळते ती सूट ५० सीसीपर्यंतच्या गाडीची आहे, तीही लायसन्स काढूनच. आठवीतल्या पोराला कोणतीच सूट नाही.

पण दंड ही लहान गोष्ट आहे. मोठी ही की तुमच्या गाडीनं बाजारातून येणारी एखादी म्हातारी पाडली तं. आजच्या कायद्यात चूक कोणाची हे न पाहताही मृत्यूला ५ लाख अन् गंभीर दुखापतीला अडीच लाख भरपाई मागता येते, अन् ती द्यायची इन्शुरन्स कंपनीनं किंवा गाडीच्या मालकानं. कंपनी नाहीच तं उरलं कोण? मालक. मालकाजवळ काय आहे? दोन एकर कोरडवाहू. तीस हजाराच्या गाडीसाठी सातबारा टांगणीला लावून राहिलो आपण, अन् मेसेज म्हणते "काहीच नको". अन् ती म्हातारीही आपल्याच गावची असते ना, तिच्या घरच्यांना काय सांगाल, सायकल होती म्हणून?

"विरोध करणारे पेट्रोलवाल्यांचे माणसं"

याच्यावर वेळ घालवत नाही. जास्त स्पीडची इलेक्ट्रिक गाडी पाहिजे तं पासिंगवाली घ्या ना, हिरव्या नंबर प्लेटची. तिची रजिस्ट्रेशन फी २०२१ पासून माफ आहे. तिचे ब्रेक, फ्रेम, बॅटरी त्या स्पीडसाठी तपासलेले असतात, इन्शुरन्स निघते, अन् चोरीला गेली तं पोलिसात सांगायला नंबर तरी राहते. महाग पडते हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही, अन् त्यासाठी सबसिडी मागू, शाळेच्या वेळेवर एसटी मागू, डेपोत मी स्वतः चार माणसं घेऊन येतो. मुलींना पासही मोफत आहे, पण बसच येत नाही तं पास घेऊन काय करावं, हे भांडण खरं आहे अन् ते भांडू.

ज्यांनी लॉक काढून टाकलं त्यांनी गाडी घेऊन या, परत लावून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. घेताना दुकानदाराला त्या मॉडेलचं टेस्टिंगचं सर्टिफिकेट दाखवायला सांगा, नाही म्हणाला तं तिथूनच माघारी फिरा, कारण अशी गाडी विकणाऱ्यालाही कायद्यात एका गाडीमागं १ लाखापर्यंत दंड आहे, अन् त्याला ते चांगलं माहीत असते.

त्या दहावीच्या पोट्ट्याचं प्लास्टर निघालं. त्याच्या वडिलांनी जानेवारीत एजन्सीकडून पास झालेली साधी २५० वॅटची नवीन सायकल घेतली, अन् घरी न्यायच्या आधी माझ्याकडं आणली. मी नट तपासले, ब्रेक आवळले, गावाबाहेरच्या पुलापर्यंत चालवून पाहिली. २४ च्या वर काटा जात नाही. शाळेत जायला त्याला आता दहा-बारा मिनिटं जास्त लागतात, म्हणून सव्वानऊला निघतो, माझ्या दुकानासमोरूनच जाते.