कथा लिहा, वाचू नका

दिवाळी अंकाचे दिवस जवळ आले की आमच्या गोव्यात कथालेखकांना भलताच बहर येतो. यंदा एका अंकाच्या कथा 'जरा नजर टाका हो' म्हणून माझ्या गळ्यात पडल्या. त्या वाचून नवोदितांसाठी हे चार अनुभवाचे बोल.

वाक्य लांब असावे. कर्ता पेडण्यात, क्रियापद काणकोणात. मधे वाचकाला दोनदा बस बदलावी लागली तर लागू दे.

सर्वनामांची काटकसर नको. 'त्याने त्याला त्याच्याविषयी सांगितले.' कोणी, कोणाला, ते वाचक बघून घेईल.

पात्राने साधे 'म्हणू' नये. उद्गारावे, पुटपुटावे, हुंकारावे.

शुद्धलेखन? प्रुफवाला असतो ना.

लिहिलेले परत वाचू नका. एका कथेत सुलभा जेवायला बसली आणि सुनंदा होऊन हात धुवायला उठली.

पार्श्वभूमी गोव्याची असेल तर माड, फेणी, मासळी, झाले! चौकशीबिवकशी कशाला? एका कथेचा नायक ऑगस्ट 1986 मध्ये आजारी आईला स्कूटरवर घालून पर्वरीहून पणजीला निघतो आणि मांडवीच्या पुलावर थांबून दीड पान चंद्र बघतो. अहो, कुठला पूल? तो 5 जुलैलाच कोसळला होता! माणसे बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी ताटकळत होती. रात्रीची वेळ, अंगात ताप असलेली आई, फेरीबोट पलीकडच्या काठाला आणि मधे पावसाळ्यातली मांडवी. आयती कथा समोर उभी होती हो! ती यांनी चंद्रावर घालवली. तोसुद्धा ऑगस्टातला चंद्र, गोव्यात!

हेच लेखक परवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटले. पुलाचे सांगितले. एकेका बांगड्याचा कल्ला उचलून बघत म्हणाले, "भाई, कथा म्हणजे कल्पना. एवढे कोण बघतो?"

मी बघतो. साठीतला कुठलाही पर्वरीकर बघतो. त्याला एकदा विचारले असते तर काय हात झिजले असते? कल्पना म्हणजे आळस नव्हे. स्वतःची कथा मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे वाक्य तोडा. आवडलेला चंद्र गरज नसेल तर काढून टाका. तारीख तपासा. आणि रात्री अकराला फोन करून "वाचली काय?" असे मला विचारायचे नाही. आधी तुम्ही वाचा.