‘तुम्ही कॅथलिक की ख्रिश्चन?’ या प्रश्नाबद्दल

‘तुम्ही कॅथलिक की ख्रिश्चन?’ हा प्रश्न वसईपासून नगरपर्यंत अनेकांच्या कानावर आलेला असेल. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. कॅथलिक हा एक धर्म आणि ख्रिश्चन हा दुसरा, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते आणि ती त्याला एखाद्या प्रॉटेस्टंट प्रार्थनासभेत मिळालेली असते. खरे तर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट हे दोन्ही ख्रिस्ती धर्माचेच पंथ. कॅथलिकांच्या बाजूलाही गैरसमजांची वाण नाही. ‘प्रॉटेस्टंट म्हणजे इंग्लंडच्या राजाला बायको सोडायची होती म्हणून निघालेला पंथ’ हे वाक्य मी कॅथलिक घरांतल्या पंगतीत बसून ऐकलेले आहे. आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडले १५३४ मध्ये आणि जर्मनीत प्रॉटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरला पोपने बहिष्कृत केले त्याच्या तेरा वर्षे आधी, एवढा साधा हिशोबही त्या वाक्याला सोसत नाही. मी स्वतः चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चचा सभासद असून नगरच्या मिशनच्या परंपरेत वाढलो, आणि धाकट्या बहिणीचे सासर वसईतले कॅथलिक आहे. त्यामुळे दोन्हीकडची टीका मला घरपोच मिळते. तरीही माझे मत असे बनले आहे की, एकमेकांना ख्रिस्ती मानायचे की नाही या प्रश्नात आम्हा प्रॉटेस्टंटांची, त्यातही कोणत्याही जुन्या चर्चशी न जोडलेल्या नव्या स्वतंत्र मंडळ्यांची, भूमिका कॅथलिकांपेक्षा कच्ची आहे, आणि ती आमच्याच पूर्वजांच्या भूमिकेशी जुळत नाही.

कॅथलिकांच्या भूमिकेपासून सुरुवात करतो, कारण ती कागदावर स्पष्ट आहे. ती बाप्तिस्म्यावर, म्हणजे पाण्याने माणसाला ख्रिस्ती करून घेण्याच्या संस्कारावर, उभी आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन याने असा आग्रह धरला की, पाखंडी मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेला माणूस खऱ्या मंडळीत आला, तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यावा. रोमचा बिशप स्टीफन याने ते नाकारले. पुढे डोनाटस्‌पंथीयांशी (हा उत्तर आफ्रिकेतला एक फुटीर पंथ) झालेल्या वादात बिशप ऑगस्टीन या थोर धर्मपंडिताने स्टीफनच्या बाजूला भक्कम आधार दिला: बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याचा नसतो, म्हणून देणारा चुकीच्या मंडळीत असला तरी तो पुसला जात नाही. ही शिकवण रोमने नंतर कधीच सोडली नाही. १५४७ मध्ये, म्हणजे जर्मनीत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांवर सैन्य घेऊन धावत असताना, कॅथलिक बिशपांच्या त्रेंत येथील परिषदेने असा नियम केला की, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने आणि चर्च जे करते ते करण्याच्या हेतूने पाखंड्याने दिलेला बाप्तिस्माही खरा बाप्तिस्मा होय, आणि तो खरा नाही असे जो म्हणेल तो शापित असो. प्रॉटेस्टंट सभांमध्ये त्रेंतचे शाप मोठ्या हौसेने वाचून दाखवले जातात. त्यातला एक शाप आपल्याच बाप्तिस्म्याच्या बचावासाठी उच्चारलेला आहे, हे मात्र कोणी वाचत नाही.

कॅथलिक बिशपांच्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्याविषयीचा जो ठराव केला, त्यात हीच गोष्ट उघड मनाने मांडली आहे: ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे आणि रीतसर बाप्तिस्मा झालेले लोक अपूर्ण स्वरूपात का होईना, कॅथलिक चर्चशी जोडलेले आहेत आणि ‘ख्रिस्ती’ या नावावर त्यांचा हक्क आहे. म्हणून २००० साली व्हॅटिकनने, कार्डिनल रॅट्झिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या सहीने, प्रॉटेस्टंट मंडळ्या या खऱ्या अर्थाने ‘चर्च’ नव्हेत असे जाहीर केले, तेव्हा आमच्याकडे जो संताप उसळला त्यात एक बारकावा हरवला. त्या निवेदनाने आमच्या मंडळ्यांना चर्च म्हणण्यास नकार दिला होता, कारण रोमच्या मते आमच्याकडे प्रेषितांपासून चालत आलेली बिशपांची परंपरा नाही आणि त्यामुळे प्रभुभोजनाचा संस्कारही पूर्ण नाही. आम्ही ख्रिस्ती नाही, असे त्यात कुठेही म्हटलेले नव्हते. मला ते निवेदन आवडले नाही आणि आजही आवडत नाही. परंतु माझ्या मंडळीला चर्च न मानणारा आणि मला ख्रिस्ती न मानणारा, या दोघांना मी एका मापाने मोजणार नाही.

बहिणीचे लग्न ठरले तेव्हा हा सगळा सिद्धान्त मी पॅरिशच्या ऑफिसात टेबलावर मांडलेला पाहिला. फादरांनी तिचा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. आमच्या मंडळीच्या रजिस्टरावरून उतरवून दिलेला तो कागद होता, खाली पाळकसाहेबांची निळ्या शाईतली सही आणि किंचित तिरका उमटलेला गोल शिक्का. फादरांनी तो दोनदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला, “पाणी ओतताना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव घेतले जाते ना?” वडील म्हणाले, “घेतले जाते.” फादरांनी दाखला फाइलमध्ये लावला आणि समजावून सांगितले की, कॅथलिक व्यक्तीचे लग्न बाप्तिस्मा झालेल्या बिगरकॅथलिकाशी असेल तर बिशपांची परवानगी लागते आणि बाप्तिस्माच न झालेल्या व्यक्तीशी असेल तर वेगळी सूट घ्यावी लागते, दोन्हींची प्रकरणे वेगळी चालतात. “म्हणजे फादर, तुमच्या दप्तरी आम्ही ख्रिस्ती आहोत,” वडील म्हणाले. “आहात, म्हणून तर हा फॉर्म. नसतात तर दुसरा काढला असता,” फादर म्हणाले. वडिलांचे समाधान फार वेळ टिकले नाही, कारण त्याच फॉर्मवर मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावे यासाठी आपण शक्य ते सर्व करू, असे वचन जावईबापूंनी द्यायचे होते आणि त्या वचनाची कल्पना बहिणीला आहे, याची नोंद व्हायची होती. ते वचन मलाही बोचते. पण बहिणीला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागला नाही, त्याची गोष्टही निघाली नाही.

आता आमच्या बाजूकडे पाहू. लूथरने पोपला ख्रिस्तविरोधक ठरवले आणि १६४६ च्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकारात, म्हणजे ब्रिटनमधल्या प्रॉटेस्टंटांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, तेच लिहिले गेले, हे खरे आहे. एवढ्यावरून कॅथलिक माणूस ख्रिस्ती नाही असा निष्कर्ष काढणारे लोक मात्र पुढचे पान उलटत नाहीत. पुनर्बाप्तिस्म्याविरुद्ध १५२८ मध्ये लिहिताना त्याच लूथरने मान्य केले आहे की पोपच्या अधिकाराखालीही खरे शास्त्र आणि खरा बाप्तिस्मा शिल्लक आहे. १५५९ च्या फ्रेंच प्रॉटेस्टंटांच्या विश्वासांगीकाराने पोपच्या सभांचा कडक निषेध केला, आणि त्याच कलमात तिथे बाप्तिस्मा झालेल्यांना दुसऱ्या बाप्तिस्म्याची गरज नाही असेही म्हटले. यात नवल नाही. लूथर, झ्विंग्ली आणि कॅल्विन या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या तिन्ही नेत्यांचा बाप्तिस्मा लहानपणी कॅथलिक धर्मगुरूच्या हातून झाला होता आणि तिघांपैकी कोणीही तो पुन्हा घेतला नाही. कॅथलिक बाप्तिस्मा ख्रिस्ती नसेल, तर धर्मसुधारणा बाप्तिस्मा न झालेल्या माणसांनी केली असे म्हणावे लागेल. ज्यांनी तो पुन्हा घेतला, त्यांच्याशी प्रॉटेस्टंट कसे वागले तेही नोंदलेले आहे: झुरिचच्या प्रॉटेस्टंट नगरसभेने पुनर्बाप्तिस्म्यासाठी फेलिक्स मांझ याला जानेवारी १५२७ मध्ये लिमात नदीत बुडवून मारले. ती क्रूरता होती आणि तिचे समर्थन कोणी करू नये. पण त्या काळच्या प्रॉटेस्टंटांनी जुना बाप्तिस्मा खराच मानला होता, याचा याहून कडवट पुरावा मिळणार नाही.

हा धागा तुटला तो बराच नंतर, आणि तोही अमेरिकेत. १८४५ च्या मे महिन्यात सिनसिनाटी येथे ओल्ड स्कूल प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट गटाच्या महासभेने रोमन कॅथलिक बाप्तिस्मा अवैध ठरवला. ठरावाच्या बाजूने १६९ मते पडली आणि विरोधात ८. कॅथलिक स्थलांतरितांचे लोंढे येत असल्याने अमेरिकन प्रॉटेस्टंट बिथरलेले होते, तो हा काळ. त्या गर्दीत प्रिन्स्टनचे ज्येष्ठ धर्मपंडित चार्ल्स हॉज यांनी, जे रोमचे मुळीच मित्र नव्हते, या ठरावावर जाहीर टीका केली. पाणी आहे, त्र्यैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे, नाव आहे, ख्रिस्ती संस्कार करण्याचा हेतू आहे, मग कमी काय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि हा ठराव सगळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या आजवरच्या वहिवाटीविरुद्ध जातो, ही त्यांची तक्रार होती. मला हॉज पटतात, कारण त्यांनी आपला राग आणि आपला सिद्धान्त एकमेकांत मिसळू दिले नाहीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये जॉन हेन्री न्यूमन हे अँग्लिकन (इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचे) धर्मपंडित कॅथलिक झाले, तेव्हा त्यांना सशर्त बाप्तिस्मा दिला गेला, म्हणजे ‘आधी झाला नसेल तर’ या अटीवर. नियम आधीचा बाप्तिस्मा मानायला सांगत होता, पण व्यवहारात कॅथलिक धर्मगुरू प्रॉटेस्टंट बाप्तिस्म्याविषयी सरसकट शंका घेत, ही पद्धत विसाव्या शतकातही दीर्घकाळ चालली आणि ती आमच्यासारख्यांना अपमानास्पद वाटली तर त्यात चूक काहीच नव्हती. व्हॅटिकन परिषदेनंतर ती मागे पडली. आज खरोखरच शंका घेण्याजोगे कारण असेल तरच सशर्त बाप्तिस्मा देता येतो. रोम वाटेल त्याला ख्रिस्ती म्हणत सुटले आहे, असेही नाही. २००१ मध्ये व्हॅटिकनने मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा अवैध ठरवला, कारण शब्द तेच असले तरी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांविषयीची त्यांची कल्पनाच वेगळी आहे. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचेही मत तेच आहे.

प्रॉटेस्टंट सभांमधला खरा आक्षेप वेगळ्या ठिकाणी असतो. कॅथलिक माणूस जन्माने ख्रिस्ती असतो, त्याला तारणाचा अनुभव नसतो, तो मरियेकडे आणि संतांकडे मागतो, फादरांपुढे पापे कबूल करतो, म्हणून तो नावाचाच ख्रिस्ती, असे ते म्हणणे असते. मरियेच्या भक्तीविषयी माझेही आक्षेप आहेत आणि ते मी बहिणीच्या सासरी बोलून दाखवतो. तिथल्या आजींनी ते कधीच जुमानलेले नाहीत. पण नावाचे ख्रिस्ती असणे ही कॅथलिकांची मक्तेदारी नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये झाला, आणि त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाचे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिले आहे. धर्म आणि ख्रिस्त यांतले हे अंतर त्यांना स्वतःच्या प्रॉटेस्टंट बाप्तिस्म्यानंतर जाणवले. माणूस कर्मांनी नव्हे तर विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो, हा मुद्दा काढायचा तर, ज्याच्यावरून दोन्ही चर्चांची फारकत झाली त्या मुद्द्यावर लुथरन जागतिक संघ आणि व्हॅटिकन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, मेथॉडिस्ट त्यात २००६ मध्ये सामील झाले आणि कॅल्विनच्या परंपरेतल्या सुधारित मंडळ्यांचा जागतिक संघ २०१७ मध्ये. सगळे मतभेद त्याने मिटले नाहीत. पण कॅथलिक लोक कर्मांनी तारण मिळवू पाहतात, असे अजूनही व्यासपीठावरून सांगणाऱ्याने निदान ते घोषणापत्र वाचायला हवे.

माझा एक आतेभाऊ काही वर्षांपूर्वी एका स्वतंत्र मंडळीत जाऊ लागला आणि त्याने शेततळ्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. मी काठावर उभा होतो. काळ्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरू नये म्हणून दोघे त्याला धरून होते. त्याच्या आधी एक कॅथलिक बाई त्याच पाण्यातून बाहेर आल्या होत्या. पास्टर त्यांना म्हणाले, “बहीण, आज तू ख्रिस्ती झालीस.” आतेभावाला म्हणाले, “बंधू, आज तू प्रभूची आज्ञा पूर्ण केलीस.” दोघांचाही बाप्तिस्मा तान्हेपणी, डोक्यावर पाणी ओतून झालेला होता, आणि दोघांवरही तीच तीन नावे घेतली गेली होती.

बालबाप्तिस्मा मान्य नसणे ही एक जुनी आणि गंभीर भूमिका आहे. बाप्टिस्ट मंडळ्या ती सरळपणे मांडतात आणि ती सगळ्यांना सारखीच लावतात. त्यांच्या हिशोबात माझा बाप्तिस्माही धरला जात नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा बालबाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या आणि फक्त प्रौढ विश्वासणाऱ्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या बाप्टिस्ट, ब्रेदरन व डिसायपल्स मंडळ्या एका घटनेखाली आल्या आणि दोन्ही पद्धती मान्य झाल्या. म्हणजे हा प्रश्न प्रॉटेस्टंटांनी आपापसांत समजुतीने सोडवलेला आहे. शेततळ्याच्या काठावर जे घडले ते यांपैकी काहीच नव्हते. बालबाप्तिस्मा खोटा असेल तर आतेभाऊही त्या दिवशीच ख्रिस्ती झाला असे पास्टरांनी म्हणायला हवे होते, आणि खरा असेल तर त्या बाई आधीच ख्रिस्ती होत्या. एकाच कृतीला माणसाचे चर्च पाहून दोन अर्थ द्यायचे, हे मला पटत नाही.

(सरकारचे काम या बाबतीत सोपे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात, मग तो कॅथलिकांच्या मिस्सेला जात असो की प्रॉटेस्टंटांच्या उपासनेला.)

जर्मनीत माग्देबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये एप्रिल २००७ मध्ये अकरा चर्चांनी, त्यांत कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स असे सगळे होते, एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य असल्याच्या निवेदनावर सह्या केल्या. बाप्टिस्टांनी सही केली नाही आणि ते त्यांच्या मताशी प्रामाणिक राहिले. असा एक कागद नगर, पुणे, नाशिक, वसई इथल्या धर्मप्रांतांनी मराठीत करावा, दोन्हीकडच्या चर्चच्या फलकांवर लावावा आणि बाप्तिस्म्याच्या वर्गात मुलांना वाचून दाखवावा, एवढीच माझी सूचना आहे. त्यात प्रभुभोजनाचा उल्लेखही नको. बहिणीच्या घरी सणाला गेलो की मी मिस्सेला बसतो आणि ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे प्रभुभोजनाची, रांग लागली की बाकावरच थांबतो. तो मतभेद खरा आहे आणि तो फलकावर लावलेल्या कागदाने मिटणार नाही. स्वतंत्र मंडळ्यांना मात्र माझा प्रश्न थेट आहे: माझ्या बहिणीच्या मुलांचा बाप्तिस्मा वसईच्या चर्चमध्ये झाला आहे, ती उद्या तुमच्याकडे आली तर तुम्ही त्यांना काय म्हणाल, आणि मी आलो तर मला काय म्हणाल?